ट्रान्सपोर्ट ऑफिसचा कॉम्प्युटर लॉक झाला तर? आपल्या धंद्याने सुरुवात कुठून करायची

आडगाव_नाका
नमस्कार मंडळी. आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ आमचं ऑफिस आहे, वडिलांनी सुरू केलेला धंदा, स्वतःच्या २२ गाड्या आणि सीझनला मार्केटच्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या, तीस-चाळीस लावतो. मागच्या महिन्यात आमच्याच ओळीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे सोमवारी सकाळी पोरानं शटर उघडून कॉम्प्युटर चालू केला तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावामागे कसलंतरी वेडंवाकडं शेपूट लागलेलं आणि स्क्रीनवर नोट, की बिटकॉइनमध्ये पैसे टाका नाहीतर डेटा विसरा. टॅली गेलं, एलआरचं, म्हणजे बिल्टीचं (गाडीत भरलेल्या मालाच्या पावतीचं) सॉफ्टवेअर गेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्कॅन करून ठेवलेल्या पोच गेल्या. ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी सांगतो, माल उतरवून घेतल्याची सहीशिक्क्याची पोच लावल्याशिवाय पार्टी बिल पास करत नाही. त्यांचं अडीच महिन्यांचं बिलिंग अडकलं. गाड्या धडधाकट, ड्रायव्हर हजर, माल हजर, पण डिझेलला पैसा नाही.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसलो. मालक, वय साठीच्या आसपास, गोणीतून जुन्या काटा पावत्या आणि टोलच्या चिठ्ठ्या काढून फरशीवर तारखेप्रमाणे लावत होते, पंखा बंद करून, म्हणजे कागद उडू नयेत. ते बघून पोटात गोळाच आला.

आता आमच्या एका मोठ्या पार्टीने ४२ प्रश्नांचा फॉर्म पाठवलाय, तुमची सायबर सुरक्षा काय आहे म्हणून. आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो फायरवॉल (इंटरनेटवरून नको ते आत येऊ न देणारं यंत्र) घ्या, पावणेदोन लाख. मला एवढंच विचारायचंय की आपल्यासारख्या छोट्याने आधी काय करावं? आणि पैसा घालायचा तर कुठे घालायचा?

द्वारका_सर्कल
बॅकअप. बाकी सगळं नंतर.

जुना_मुनीम
मी १९८५ पासून या लाइनीत आहे. आम्ही कार्बन लावून चार प्रतीत बिल्टी फाडायचो, एक माल पाठवणाऱ्या कन्साइनरला, एक माल घेणाऱ्या कन्साइनीला, एक ड्रायव्हरकडे, एक बुकात. आग लागली तरच जायची. मला कळत नाही की हॅकरला आपल्या ट्रान्सपोर्टमध्ये मिळणार काय? बँक लुटेल तो, कांद्याची बिल्टी घेऊन काय करेल?

अंबड_आयटी
@जुना_मुनीम काका, तो बिल्टी वाचायला येतच नाही, ती तुम्हाला वाचू देत नाही एवढंच करतो. त्याला तुमचं नाव-गावही माहीत नसतं. इंटरनेटवर कुठलं दार उघडं आहे ते शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात, दार सापडलं की घुसायचं. माल हलवणाऱ्या धंद्याला ते का पकडतात तर इथे दोन दिवस बंद म्हणजे पार्टी दुसऱ्याकडे जाते, त्यामुळे माणूस घाबरून पैसे देण्याची शक्यता जास्त.

इंग्लंडचं उदाहरण सांगतो. नाइट्स ऑफ ओल्ड नावाची १८६५ पासूनची वाहतूक कंपनी, केएनपी ग्रुपमधली, सुमारे ५०० ट्रक. जून २०२३ मध्ये अकिरा नावाच्या टोळीने त्यांच्या सिस्टिममध्ये शिरून सगळं लॉक केलं, आणि सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत. सुमारे ७०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. एका कर्मचाऱ्याचा कमकुवत पासवर्ड ओळखून आत शिरले असं मानलं जातं. त्यांच्याकडे सायबर विमासुद्धा होता. हिशोबाचे आकडे वेळेत दाखवता आले नाहीत म्हणून पुढचा पैसा उभा राहिला नाही. १५८ वर्षं काका.

आडगाव_नाका, तुमच्या शेजाऱ्यांकडे काय झालं असेल ते मी न बघता सांगू शकतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी बहुतेक ऑफिसांत हेच असतं. सॉफ्टवेअरवाल्याने घरून दुरुस्ती करता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉप उघडा ठेवलेला किंवा एनीडेस्क कायम चालू, पासवर्ड म्हणजे फर्मचं नाव आणि १२३. विंडोज क्रॅक केलेलं, नाहीतर जुनं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण अंबड-सातपूरला अजून खंडीभर मशीन त्याच्यावर चालतात. आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच कॉम्प्युटरला चोवीस तास लावलेली, म्हणजे मूळ फाइलबरोबर तीही लॉक. शनिवारी रात्री उद्योग सुरू करतात, रविवारी बघायला कोणी नसतं.

फायरवॉल वाईट नाही. पण हे चार छिद्रं उघडी ठेवून पावणेदोन लाखाची फायरवॉल लावणं म्हणजे पुढच्या दाराला लोखंडी कुलूप आणि मागचं दार सताड.

जुना_मुनीम
१५८ वर्षं ऐकून बसलो जरा. वाचतोय, लिहा.

न्हावाशेवा_रिटर्न
मी आता नाशिकरोडला असतो पण बरीच वर्षं उरणला कंटेनरच्या कामात काढली. २७ जून २०१७, मंगळवार होता. मर्स्क या जहाज कंपनीवर नॉटपेट्या नावाच्या व्हायरसचा हल्ला झाला आणि जेएनपीटी म्हणजे न्हावाशेवा बंदरातलं त्यांच्या ग्रुपचं टर्मिनल, जीटीआय, बंद पडलं. कोणता कंटेनर कुठल्या रांगेत, कोणत्या थरावर हे सगळं कॉम्प्युटरला माहीत, माणसाला नाही. क्रेन उभ्या, ट्रेलरची रांग वाढतच चाललेली, ड्रायव्हर लोकं खाली चटई टाकून बसलेली. गेटवर कोणाला काही सांगता येईना कारण सांगणाऱ्यालाच माहीत नव्हतं. एक बरं की जून होता, द्राक्षाचा सीझन उरकलेला. हेच फेब्रुवारीत झालं असतं तर पिंपळगाव-दिंडोरीचे किती रीफर, म्हणजे थंड कंटेनर, रस्त्यात राहिले असते याचा विचार करा.

गंमत म्हणजे हल्ला मर्स्कवर केलेलाच नव्हता. युक्रेनमध्ये टॅक्स भरायला वापरतात ते एक अकाउंटिंग सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटमधून तो पसरला. म्हणजे आपल्याकडे टॅलीच्या अपडेटमधून यावा तसं समजा. पैसे भरूनही फाइल परत मिळणार नव्हत्या, कारण तो बनवलाच होता नासधूस करायला.

मर्स्कने ४००० सर्व्हर आणि ४५००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे केले, नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. त्यांच्या नेटवर्कची जी मुख्य यादी असते तिच्या सगळ्या प्रती पुसल्या गेल्या होत्या, एक सोडून. ती घानामधल्या ऑफिसात वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेलेली होती!

गोदाकाठ_सई
म्हणजे आमच्या पंचवटीतल्या लोडशेडिंगलाही दुवा द्यायला हवा 😄

न्हावाशेवा_रिटर्न
@गोदाकाठ_सई हसा, पण धडा तोच आहे ताई. तारेला न जोडलेली एक प्रत असली म्हणून ते वाचले. आणि दुसरी गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते, त्या दहा दिवसांत त्यांची मालवाहतूक साधारण २० टक्क्यांनीच घटली. बाकीचं माणसांनी हाताने, फोनवर, कागदावर ओढलं. मुनीमकाका, तुमच्या चार प्रती तेव्हा मला फार आठवल्या.

थॉमसन_बागाईतदार
आमच्याकडे हॅकिंग-बिकिंग काही नव्हतं, नुसता एक ईमेल. दिंडोरी तालुक्यातून आम्ही काही शेतकरी मिळून माल बाहेर पाठवतो. मार्चमध्ये फॉरवर्डरकडून, म्हणजे माल बाहेर पाठवून देणाऱ्या एजंटकडून, मेल आला, ऑडिटमुळे आमचं बँक खातं बदललंय, या सीझनचं फ्रेट (मालाचं भाडं) नव्या खात्यात टाका. त्याच मेलच्या साखळीत, खाली आमचेच जुने मेल, कंटेनर नंबर बरोबर, रक्कम बरोबर, सही करणाऱ्या माणसाचं नाव बरोबर. ६ लाख ४० हजार टाकले. पाचव्या तासाला खऱ्या माणसाचा फोन आला, दादा पेमेंट कधी करताय. अंगाला घाम फुटला माझ्या. पत्ता परत परत बघितला तर मेलच्या पत्त्यात एम ऐवजी आर आणि एन शेजारी शेजारी होते. छोट्या अक्षरात मोबाइलवर अगदी एम दिसतं.

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, बँकेत पळालो. ३ लाख ९० हजार पुढच्या खात्यात अडकवता आले, ते परत यायला चार महिने लागले आणि कोर्टाचा आदेश लागला. बाकीचे गेले. तीन शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या मेहनतीतले पैसे आहेत ते, मी अजून त्यांच्या डोळ्यात बघून बोलू शकत नाही.

तेव्हापासून नियम केलाय, खातं बदललं असं कोणीही कळवलं तर आपल्या जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. समोरचा रागावला तरी चालेल.

द्वारका_सर्कल
@थॉमसन_बागाईतदार दादा, त्यात तुमची चूक नव्हती हो. तुम्ही इथे लिहिलंत हेच मोठं आहे.
१९३० चा नंबर ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा सगळ्यांनी. पहिल्या काही तासांत फोन गेला तरच पैसा साखळीत कुठेतरी थांबवता येतो, दुसऱ्या दिवशी तो दहा खात्यांतून निघून गेलेला असतो.

घोटी_टोल
ड्रायव्हर लोकांचं कोणी बोलतच नाहीये. माझे वडील ३० वर्षं गाडी चालवतात. मागच्या वर्षी घोटीच्या टोलजवळ चहाला थांबलेले, व्हॉट्सॲपवर मेसेज, तुमच्या गाडीचं चलन आहे, खाली आरटीओ चलन म्हणून एपीके फाइल (दाबली की फोनमध्ये ॲप बसवते ती), गाडीचा नंबर बरोबर टाकलेला. गाडीवाल्याला चलनाची भीती असतेच, दाबलं त्यांनी. फोन गरम व्हायला लागला, म्हणाले. अर्ध्या तासात फोनमधून सगळ्या ग्रुपवर तीच फाइल गेली, आणि ओटीपीचे मेसेज त्यांना दिसायच्या आधीच वाचले जात होते. मालकाने ट्रिपचा ॲडव्हान्स म्हणून टाकलेले २२ हजार गेले, डिझेलचे पैसे होते ते. वडील दोन दिवस जेवले नाहीत, आणि मालकाला सांगायला घाबरत होते. त्या दोन दिवसांत ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवरच्या अजून चौघांनी ती फाइल उघडली.

तुमचे ४२ प्रश्न ऑफिसचे असतील, पण मालकांचा निम्मा धंदा ड्रायव्हरच्या सात हजाराच्या फोनवर चालतो. लोकेशन त्यावर, पोचेचा फोटो त्यावर, पैसे त्यावर.

सातपूर_फ्लीट
खरंय. आणि चलन खरं की खोटं हे बघायचं असेल तर परिवहनच्या साइटवर स्वतः गाडी नंबर टाकून बघायचं, सरकार व्हॉट्सॲपवर एपीके पाठवत नाही. आमच्याकडे आम्ही ड्रायव्हरना एवढंच शिकवलं, कुठलीही फाइल दाबायच्या आधी ऑफिसला फोटो पाठव, रात्री दोनला पाठवला तरी चालेल.

पण एक मुद्दा मला मांडायचाय, लोकांना राग येईल. ज्याने चूक केली त्याच्यावर कारवाई नको का? आमच्या ओळखीच्या एकांनी असाच मेल उघडणाऱ्या ऑपरेटर मुलीला काढून टाकलं. बाकीचे सरळ झाले.

अंबड_आयटी
@सातपूर_फ्लीट नाही, इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. बाकीचे सरळ झाले नाहीत, बाकीचे गप्प झाले. आता पुढच्या वेळी कोणाच्या स्क्रीनवर काही विचित्र दिसलं तर तो कॉम्प्युटर बंद करून घरी जाईल आणि सकाळी म्हणेल मी आल्यापासून असंच आहे. घोटी_टोल यांनी वर काय लिहिलंय बघा, वडील दोन दिवस घाबरून गप्प राहिले आणि अजून चार फोन गेले.

मी वर ज्या इंग्लंडच्या कंपनीबद्दल लिहिलं, तिच्या संचालकांनी नंतर बीबीसीला सांगितलं की ज्याच्या पासवर्डमुळे बहुतेक हे झालं त्या माणसाला त्यांनी ते सांगितलेलंच नाही. कंपनी बुडाल्यावरसुद्धा. मला त्या संचालकांबद्दल फार आदर वाटला.

पहिल्या दहा मिनिटांत कळलं तर काय करता येतं माहितीये? नेटवर्कची वायर उपटायची, वायफाय बंद करायचं, बाकीची मशीन वाचतात. मशीन लगेच फॉरमॅट करू नका, नोटेचा फोटो काढा, आणि नो मोअर रॅन्सम म्हणून युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ साली इतरांबरोबर सुरू केलेली साइट आहे तिथे बघा, काही जुन्या प्रकारांच्या चाव्या फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही.

सातपूर_फ्लीट
ठीक आहे, हा विचार केला नव्हता. दोन दिवस गप्प राहिले हे वाचून पटलं. आमच्या ड्रायव्हर मीटिंगमध्ये सांगतो की आधी सांगेल त्याचं नुकसान ऑफिस भरेल.

घोटी_टोल
@सातपूर_फ्लीट हे तुम्ही खरंच केलंत तर तुमच्याकडे गाडी चालवायला लोक रांग लावतील साहेब.

लासलगाव_अड्डा
थोडं विषयाच्या कडेने. आमच्याकडे कांद्याची गाडी गेली. लोड ॲपवरून ट्रक मिळाला, आरसी, इन्शुरन्स, लायसन्स, पॅनचे फोटो आले, सगळं चकाचक. २० टन कांदा भरून गाडी निघाली आणि पोचलीच नाही. कागद खऱ्या मालकाचे होते, पण फोटोशॉपमध्ये मोबाइल नंबर बदललेला, नंबरप्लेटही खोटी. खरा ट्रक तेव्हा इंदूरला उभा होता. चोरी जुनीच, हत्यार नवं. आता आम्ही गाडी भरायच्या आधी चेसिस नंबर गाडीवर जाऊन वाचतो आणि ड्रायव्हरचा गाडीसमोर उभं राहून फोटो घेतो. त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

न्हावाशेवा_रिटर्न
कडेने नाही, मध्येच आहे हा विषय. अँटवर्प बंदरात २०११ ते २०१३ च्या सुमारास अमली पदार्थवाल्यांनी हेच केलं होतं, कंटेनरची माहिती ठेवणाऱ्या सिस्टिममध्ये शिरून आपला कंटेनर कुठे आहे ते बघायचे आणि खऱ्या मालकाच्या आधी ट्रक पाठवून उचलायचे.

गोदाकाठ_सई
मी टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते म्हणून ई-वे बिलाचं, म्हणजे गाडीतून माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याचं सांगते. कॉम्प्युटर लॉक झाला तरी ई-वे बिलं सरकारच्या पोर्टलवर सुरक्षित असतात, त्यामुळे घाबरायचं नाही, पण लॉगिन तुमच्याकडे पाहिजे. आता १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच ओटीपीवालं लॉगिन सक्तीचं आहे आणि ओटीपी जातो मालकाच्या फोनवर, मालक सप्तशृंगी गडावर, रेंज नाही, इकडे गाडी भरून उभी. मग काय करतात तर मालकाचं सिमच ऑफिसच्या टेबलावर ठेवतात. असं नका करू. पोर्टलवर सब-यूजर करता येतात, प्रत्येक ऑपरेटरला वेगळा आणि त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा यूजर त्याच दिवशी बंद.

आणि २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने मुदत संपते, वाढवायची तर संपायच्या ८ तास आधी ते ८ तास नंतर एवढीच खिडकी. म्हणून चालू गाड्यांची यादी, बिल नंबर आणि मुदतीसकट, रोज संध्याकाळी एक कागद प्रिंट काढून ठेवा. बाकी काही नाही केलं तरी चालेल, हा एक कागद काढा.

आडगाव_नाका
@गोदाकाठ_सई ताई हे सोन्यासारखं आहे. आमच्याकडे सिम टेबलावरच असतं.

द्वारका_सर्कल
जीपीएसचा पासवर्ड पण बघा जाता जाता. २०२२ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या सायबर यंत्रणेने मायकोडसच्या एमव्ही७२० ट्रॅकरबद्दल इशारा दिला होता, स्वस्तातला जीपीएस, पण त्यातून लांबून इंधन तोडता येतं, आणि मूळ पासवर्ड १२३४५६, बरेच लोक बदलतच नाहीत. कसारा घाटात उतारावर भरलेली गाडी असताना कोणी इंधन तोडलं तर? गाडीत बसवणारा पोरगा गेला की पहिलं काम पासवर्ड बदलणं.

अंबड_आयटी
+१. आणि आडगाव_नाका, ४२ प्रश्नांतला एक असणारच, घटना घडली तर कोणाला कळवणार. सर्ट-इन या आपल्या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं आणि सिस्टिमचे लॉग, म्हणजे त्यात काय काय झालं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे. फर्म छोटी म्हणून सूट आहे असं समजू नका. फॉर्ममध्ये खोटं 'हो' लिहू नका, उद्या काही झालं तर तोच कागद पार्टी तुमच्यासमोर ठेवेल. 'नाही, पण अमुक तारखेपर्यंत करतो' असं लिहा.

जुना_मुनीम
फॉर्ममध्ये हे पण विचारा म्हणावं की पार्टी आमची बिलं ९० दिवस का दाबून ठेवते. बिल महिन्यात सुटलं असतं तर त्या शेजाऱ्याचं अडीच महिन्यांचं अडकलंच नसतं.

सातपूर_फ्लीट
@जुना_मुनीम काका 🙏🙏 लाख बोललात.

आडगाव_नाका
साडेतीन आठवड्यांनी परत येतोय, उशीर झाला, माफ करा. फायरवॉल अजून घेतलेली नाही. सांगतो काय केलं ते.

अंबड_आयटी स्वतः ऑफिसला येऊन गेले, एक पैसा घेतला नाही, मिसळ पण मीच आग्रह केला म्हणून खाल्ली. रिमोट डेस्कटॉप बंद, एनीडेस्क काढलं, सॉफ्टवेअरवाला आता फोन करतो तेव्हाच आम्ही चालू करून देतो. दोन मशीन बदलली. मेल, बँक आणि ई-वे बिलाला प्रत्येकाचं वेगळं लॉगिन. दोन हार्डडिस्क घेतल्या, एक ऑफिसात एक घरी, रोज संध्याकाळी लावायची, कॉपी झाली की काढायची. शिवाय क्लाउडवर एक प्रत. सगळं धरून ७८ हजारांच्या आत, त्यातले बहुतेक नव्या मशीनचे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. एका शनिवारी मी सकाळी दहाला सर्व्हरची मेन वायर काढली आणि म्हटलं आज हॅक झालंय, दुपारी दोनपर्यंत असंच काम करायचं. पहिला तास नुसता गोंधळ. पार्ट्यांचे फोन नंबर कॉम्प्युटरमध्ये, जीएसटी नंबर कॉम्प्युटरमध्ये, कोणत्या ड्रायव्हरला किती ॲडव्हान्स दिला ते कॉम्प्युटरमध्ये. गोदाकाठ_सई ताईंनी सांगितलेला तो एक कागद तेवढा हातात होता, त्याच्यावर आम्ही ११ गाड्या सांभाळल्या. कोऱ्या बिल्ट्या शोधल्या तर एकच बुक निघालं, त्यातली निम्मी पानं वाळवीने खाल्लेली.

मग जुना बॅकअप उघडून बघू म्हटलं, जो पेनड्राइव्ह ऑपरेटर वर्षभर दर शुक्रवारी मनापासून लावत होती. शेवटची फाइल मार्चची. पेनड्राइव्ह भरला होता आणि सॉफ्टवेअर काही न बोलता नुसतं 'पूर्ण' म्हणत होतं. सात महिने. ती मुलगी रडायलाच लागली. तिला म्हटलं, अगं तू आज पकडलंस म्हणून आपण वाचलो, शेजाऱ्यांना हे सोमवारी सकाळी कळलं. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तीच एक जुनी एलआर आणि एक पोच बॅकअपमधून काढून प्रिंट करून माझ्या टेबलावर ठेवते.

थॉमसन_बागाईतदार
वाचून बरं वाटलं. आम्ही पण या सीझनच्या आधी करतो हे, डिसेंबरमध्येच, जानेवारीपासून कंटेनर सुरू झाले की श्वास घ्यायला वेळ नसतो.

घोटी_टोल
शेजाऱ्यांचं काय झालं पुढे?

आडगाव_नाका
@घोटी_टोल पैसे दिले नाहीत त्यांनी. ड्रायव्हर लोकांच्या फोनमध्ये पोचांचे व्हॉट्सॲप फोटो होते, ते एकेक करून मागवले, जवळपास निम्म्या पोच तशा मिळाल्या. दोन पार्ट्यांनी त्यांच्या गेट रजिस्टरवरून बिलं मान्य केली. एका पार्टीने अजून नाही. ४ गाड्या विकाव्या लागल्या.

जुना_मुनीम
आडगाव_नाका, माझ्याकडे घरी माळ्यावर १४ बिल्टी बुकं आहेत, कोरी, चार प्रतीतली, प्लास्टिकमध्ये बांधलेली, वाळवी नाही. छापलेलं नाव आमच्या जुन्या फर्मचं आहे, त्यावर तुमचा शिक्का मारा. रविवारी सकाळी या, रविवार कारंजाजवळ राहतो. शेजाऱ्यांनाही घेऊन या बरोबर.

आडगाव_नाका
येतो काका. दोघंही येतो. कार्बन पेपर कुठे मिळतो हो आता?

जुना_मुनीम
मेनरोडला मिळतो अजून. निळा घ्या, काळा हाताला लागतो.